वाचक विचारतात : विमानतळाच्या दारावर कोणतं कार्ड दाखवायचं?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की प्रवासाबद्दल काही अडत असेल तर लिहून पाठवा, तर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, दोघं जणं तर सरळ नागपुरात बर्डीवरच्या ऑफिसात येऊन बसले, आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर, ओळखपत्र. मी २८ वर्षं झाली लोकांना तिकिटं काढून देते. सोनेगावच्या विमानतळाच्या दारावर रडवेल्या झालेल्या बाया आणि हातपाय गळालेले म्हातारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि दरवेळी जीव तुटतो, कारण घरून निघायच्या आदल्या रात्री १० मिनिटं दिली असती तर हे झालंच नसतं. म्हणून या वेळचं पूर्ण सदर याच विषयाला दिलं आहे. कोणाचं नाव छापत नाही, फक्त मोहल्ला दिला आहे. उत्तरं देशातल्या देशात प्रवासाची आहेत, एक प्रश्न तेवढा नेपाळचा आहे.

प्रश्न : ताई, माझं लग्न आत्ताच झालं, आम्ही पुढच्या महिन्यात अंदमानला जाऊन राहिलो. मिस्टरांनी हौसेनं तिकीट सासरच्या नावानं काढलं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नावच बदलतात, म्हणजे आडनाव तर बदललंच पण पहिलं नाव पण वेगळं ठेवलं. आधार, पॅन, सगळं अजून माहेरच्या नावानं आहे. लग्नाचा दाखला सोबत ठेवला तर चालेल ना? आणि अंदमानला पासपोर्ट लागतो म्हणतात, माझ्याकडे तर पासपोर्टच नाही. (मानेवाडा)

उत्तर : आधी तुमचं दोघांचं अभिनंदन, सुखानं राहा. पासपोर्टची भीती मनातून काढून टाका, अंदमान आपल्याच देशात आहे, पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण तिथे जायला तुम्हाला तेच ओळखपत्र लागेल जे पुण्या-मुंबईला लागतं.

नावाचं मात्र आजच्या आज पाहा, उद्यावर टाकू नका. दारावर सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळाची राखण करणाऱ्या केंद्राच्या दलाचा, जवान उभा असतो ना, त्याच्या हातात तुमचं तिकीट आणि तुमचं कार्ड असतं, तो कार्डावरच्या नावावर अंगठा ठेवतो, तिकिटावर तेच नाव शोधतो, मग मान वर करून तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याला तुमचं लग्न, तुमचं सासर, काही माहीत नाही आणि ते पाहणं त्याचं काम पण नाही. कार्डावर एक बाई आणि तिकिटावर दुसरी बाई असेल तर तो आत सोडणार नाही. लग्नाचा दाखला हा फोटो ओळखपत्रांच्या यादीत नाहीच, तो जोडीला ठेवा, ठेवू नका असं मी म्हणत नाही, पण त्याच्या भरवशावर घरून निघू नका.

आता करायचं काय, तर मिस्टरांना विचारा की तिकीट कुठून काढलं. विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढलं असेल आणि काढून २४ तास झाले नसतील तर त्याच माणसाच्या नावातली चूक कंपनीने पैसे न घेता दुरुस्त करून द्यावी असा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी विभागाचा, नियम आहे. पण तुमच्या केसमध्ये पहिलं नाव पण वेगळं आहे, म्हणून कंपनी म्हणू शकते की ही दुरुस्ती नाही, हा माणूसच वेगळा आहे. तेव्हा फोन लावून सगळं नीट सांगा, लग्नाचा दाखला आणि आधार मेल करा. लग्नानंतरचं आडनाव काही कंपन्या दाखला पाहून बदलून देतात, पहिल्या नावाला मात्र त्रास होतो. नाहीच झालं तर तिकीट कॅन्सल करून माहेरच्या नावानं नवीन काढा, पैसे जातील, वाईट वाटेल, पण आता गेलेले पैसे दारावरून परत फिरण्यापेक्षा कमी असतात. अंदमानला जाताना वाटेत विमान बदलावं लागेल, तेव्हा नाव दोन्ही तिकिटांवर सुधारलं का हे पण पाहून घ्या.

उलटं, म्हणजे प्रवासाआधी घाईघाईत आधारवरचं नाव बदलून घेऊ का, असं पण तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. नका करू. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, सावकाश विचार करा, कोणतं नाव लावायचं हे तुम्ही स्वतः ठरवा, मग पॅन, बँक, आधार सगळीकडे एकसारखं करा. सगळ्या नव्या सुनांना आणि त्यांच्या घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तिकीट काढताना लग्नपत्रिकेवरचं नाव नाही, कार्डावरचं नाव लिहा. हौस करायला पूर्ण आयुष्य पडलं आहे.

प्रश्न : बाबा ७६ वर्षांचे आहेत, वेकोलितून म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समधून रिटायर झाले. त्यांचं ओरिजिनल आधार सापडून नाही राहिलं, कलर झेरॉक्स लॅमिनेट केलेली आहे, अगदी ओरिजिनलसारखी दिसते. नाहीतर रेशन कार्ड आहे, सहकारी बँकेचं पासबुक आहे. यातलं काय चालेल? (वाडी)

उत्तर : दादा, यातलं एकही नाही. पण घाबरू नका, बाबांकडे चालणारं काहीतरी नक्की निघेल, आधी यादी समजून घ्या.

ही यादी बीसीएएस म्हणजे विमानतळांच्या सुरक्षेचे नियम करणारा जो केंद्राचा विभाग आहे त्यांनी २०१७ मध्ये काढली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा मोबाइलमधलं एम-आधार, पॅन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या पुढचं लोकांना माहीतच नसतं, आणि म्हाताऱ्या माणसांचं काम नेमकं तिथेच होतं. केंद्र सरकार, राज्य सरकार, सरकारी कंपनी, महापालिका-जिल्हा परिषद किंवा पब्लिक लिमिटेड कंपनी यांनी दिलेलं नोकरीचं फोटो ओळखपत्र चालतं, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटोवालं पासबुक चालतं, फोटोवालं पेन्शन कार्ड किंवा पेन्शनची कागदपत्रं चालतात, दिव्यांग व्यक्तीचं फोटो ओळखपत्र चालतं, सरकारी संस्थेतल्या विद्यार्थ्याचं फोटो ओळखपत्र चालतं. यातलं कोणतंही एक, आणि ते ओरिजिनल. आधारच पाहिजे अशी सक्ती कुठेच नाही. लोक आधार-आधार करत बसतात आणि कपाटात पॅन कार्ड पडलेलं असतं.

मी हे इतकं पोटतिडकीनं का सांगते ते सांगते. माझे मामा काटोलला राहायचे, शिक्षक होते, रिटायर झालेले. मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाले, सकाळचं विमान, तिकीट मीच काढून दिलेलं. त्यांच्याकडे अशीच लॅमिनेट केलेली रंगीत झेरॉक्स होती, कोपरे गोल कापलेले, बघणाऱ्याला वाटावं ओरिजिनलच आहे. दारावरच्या जवानानं कार्ड उजेडात धरलं, बोटानं वाकवून पाहिलं आणि म्हणाला ओरिजिनल दाखवा. ओरिजिनल काटोलला, लोखंडी पेटीत. मामांनी मला फोन केला, मी म्हटलं मोबाइलवर आधार डाउनलोड करू, तर ओटीपी त्यांच्या जुन्या नंबरवर जायला लागला, जो नंबर त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केला होता. विमान कंपनीच्या माणसाला मामांनी तीनदा विचारलं की आता काय करू, तो फक्त म्हणत राहिला की आयडी आणा. कंपनीचं नाव नाही घेत, पण त्यानं एकदा तरी विचारायला पाहिजे होतं की काका, दुसरं काही आहे का. काउंटर विमान सुटायच्या एक तास आधी बंद होतं, ते झालं. मी धावत पोचले तेव्हा मामा बाहेर बाकावर बसले होते, थैली मांडीवर घेऊन. मी पाणी काढायला थैलीत हात घातला तर पाण्याच्या बाटलीखाली पेन्शनचं पुस्तक, खाकी कव्हरचं, आत त्यांचा फोटो, फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा गोल शिक्का. पुण्यात बँकेचं काही काम करायचं म्हणून सोबत घेतलेलं. ते पुस्तक दाखवलं असतं तर मामा विमानात बसले असते. त्यांना माहीत नव्हतं, आणि मला पण त्या गडबडीत फोनवर विचारायचं सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून दादा, आज संध्याकाळी बाबांजवळ बसा आणि पेन्शनचे कागद काढा, फोटो आहे का पाहा. मतदार कार्ड बहुतेक घरात असतंच, जुनं काळं-पांढरं असलं तरी ओरिजिनल असेल आणि चेहरा ओळखू येत असेल तर न्या. पॅन पाहा. सहकारी बँकेचं पासबुक नाही चालत कारण यादीत राष्ट्रीयीकृत बँक म्हटलं आहे, आणि रेशन कार्ड यादीत नाही. आधारच न्यायचं असेल तर आधारच्या वेबसाइटवरून ई-आधार काढून प्रिंट घ्या, ते ओरिजिनलच मानलं जातं, कारण आधारचं पत्र, ई-आधार, एम-आधार आणि यूआयडीएआयने म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेनं पोस्टानं पाठवलेलं पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचं कार्ड या सगळ्यांना सारखीच किंमत आहे. मात्र चौकातल्या दुकानात जे प्लास्टिकचं चकचकीत कार्ड छापून देतात ते घेऊ नका, यूआयडीएआयने २०२२ मध्येच सांगितलं आहे की बाहेर छापलेली अशी कार्डं सुरक्षित नाहीत.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आजी-आजोबा नातवाला घेऊन बंगलोरला जाणार, तो ९ वर्षांचा आहे. ट्रॅव्हलवाला म्हणतो लहान मुलांना आयडी लागतच नाही. खरं का हो? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : काकू, अर्धं खरं आहे. नियम असा आहे की मूल आई-वडिलांसोबत असेल आणि आई-वडिलांचं ओळखपत्र बरोबर असेल तर मुलाला वेगळं लागत नाही. पण तुम्ही आजी-आजोबा आहात, तुमचं आडनाव त्याच्याशी जुळलं तरी तुम्ही आई-वडील नाही, आणि मुलीचा मुलगा असेल तर आडनाव पण जुळत नाही. तेव्हा नातवाचं आधार ओरिजिनल घ्या, शाळेचं ओळखपत्र आणि जन्माचा दाखला पण घ्या. शिवाय मुलाला आणि सुनेला म्हणा की एका कागदावर लिहून सही करून द्या, आम्ही आमचा मुलगा आजी-आजोबांसोबत पाठवत आहोत म्हणून, खाली मोबाइल नंबर टाका. हा कागद नियमात नाही, पण कोणी दोन प्रश्न जास्त विचारले तर तुमचा जीव घाबराघुबरा होणार नाही.

नातवाचं आधार ५ वर्षांच्या आधी काढलेलं निळं बाल आधार असेल तर त्यात बोटांचे ठसे नसतात आणि फोटो पण बाळपणीचा असतो, ५ व्या वर्षी आणि परत १५ व्या वर्षी ते अपडेट करावं लागतं. ९ वर्षांच्या मुलाच्या कार्डावर २ वर्षांचं गुबगुबीत बाळ पाहून कोणी ओळखणार कसं? सुट्ट्या लागायच्या आधी आधार केंद्रावर जाऊन या, मे महिन्यात तिथे खूप गर्दी असते आणि नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

प्रश्न : मुलगी २३ महिन्यांची आहे. जाताना ती २ वर्षांच्या आत आहे, येताना २ वर्षं पूर्ण होऊन ६ दिवस झालेले असतील. मांडीवरचं तिकीट दोन्हीकडचं काढलं आहे. (हुडकेश्वर)

उत्तर : जातानाचं ठीक आहे, येतानाचं चालणार नाही. वय प्रवासाच्या तारखेला मोजतात, तिकीट काढल्याच्या तारखेला नाही. येताना तिला स्वतःची सीट आणि स्वतःचं तिकीट लागेल, आत्ताच बदलून घ्या कारण शेवटच्या दिवसात भाव कुठे जातात ते तुम्ही पाहताच. आणि मांडीवरच्या बाळाच्या वयाचा पुरावा विमान कंपनी मागतेच, जन्माचा दाखला जवळ ठेवा, महापालिकेचा नसेल मिळाला अजून तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड किंवा लसीकरणाचं कार्ड.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, हिंगणा रोडवरचं प्रायव्हेट कॉलेज. कॉलेजचा आयडी दाखवून जाता येईल का? माझा मित्र व्हीएनआयटीचा आयडी दाखवून गेला होता. (जयताळा)

उत्तर : मित्राचं जमलं कारण व्हीएनआयटी सरकारी संस्था आहे, यादीत सरकारी संस्थेचा विद्यार्थी आयडी असंच लिहिलं आहे. तुझं कॉलेज प्रायव्हेट आहे बाळा, त्याच्यावर विसंबू नकोस. १८ पूर्ण झाले असतील तर मतदार कार्ड काढ, तसंही काढायलाच पाहिजे, आणि तोपर्यंत आधार ने.

प्रश्न : तिकिटावर माझं नाव डब्ल्यूनं छापलं आहे आणि आधारवर व्हीनं. मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव तिकिटावर नाहीच. मतदार कार्डावर आडनाव आधी आहे. झोप उडाली आहे. (गोधनी रोड)

उत्तर : झोपा शांत. मधलं नाव तिकिटावर नसल्यानं काही बिघडत नाही, आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लावायची पद्धत आहे हे महाराष्ट्रातल्या विमानतळावरच्या माणसांना काही नवीन नाही. आडनाव आधी की नंतर, यानं पण अडत नाही. एका अक्षराच्या फरकावर, वैशालीचा व्ही की डब्ल्यू, देशमुखमध्ये यू एक की दोन ओ, यावर बहुतेक वेळा सोडतात, पण बहुतेक वेळा म्हणजे दरवेळी नाही. कंपनीला फोन करा, दोन-तीन अक्षरांची दुरुस्ती फोनवर पण होते. एजंटकडून किंवा दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपवरून तिकीट काढलं असेल तर कंपनी तुम्हाला परत त्यांच्याकडेच पाठवेल, म्हणून आधी त्यांनाच पकडा.

आणि पुढच्या वेळी असं करा, तिकीट काढताना जे कार्ड तुम्ही प्रवासात नेणार तेच कार्ड समोर टेबलवर ठेवा आणि एकेक अक्षर बघून टाइप करा. मी अजून गिऱ्हाइकाला नाव तोंडी विचारत नाही, कार्डाचा फोटो पाठवा म्हणते. काही लोक चिडतात की एवढं काय, नाव सांगतो ना. पण मी नाही ऐकत.

प्रश्न : मुंबईहून परत येताना लोकलमध्ये पाकीट गेलं, त्यात सगळीच कार्डं होती. पोलिसात तक्रार दिली, त्याची कॉपी दाखवली तर विमानतळावर आत घेतलं नाही. शेवटी विदर्भ एक्सप्रेसनं आलो. हे बरोबर आहे का? (गड्डीगोदाम)

उत्तर : तुम्हाला खूप मनस्ताप झाला असणार, पण नियमानं बघाल तर हो, तक्रारीची कॉपी म्हणजे पाकीट गेलं याचा पुरावा आहे, तुम्ही कोण आहात याचा नाही, तिच्यावर तुमचा फोटो नाही. ती कॉपी नवीन कार्डं काढायला उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवा.

तुमच्या हातात मोबाइल होता का हे तुम्ही लिहिलं नाही. मोबाइल असेल आणि आधारला तोच नंबर जोडलेला असेल तर स्टेशनवर उभं राहून ५ मिनिटांत एम-आधार उघडता येतं, किंवा डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी अ‍ॅपमध्ये आधार आणि लायसन्स आधीच आणून ठेवलेलं असेल तर ते दाखवता येतं. पण अ‍ॅप उघडून दाखवायचं, गॅलरीतला फोटो किंवा स्क्रीनशॉट नाही. फोटो म्हणजे झेरॉक्सच झाली ना एका अर्थानं. अ‍ॅप उघडायला नेट लागतं, विमानतळाच्या दारावर नेमकं नेट गोल गोल फिरत राहतं, म्हणून टॅक्सीत बसल्या बसल्याच उघडून ठेवा.

सगळ्या वाचकांना यावरून एक काम सांगते, आणि हे खरंच करा, या आठवड्यात करा. घरातल्या प्रत्येकाच्या आधारला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे ते आधारच्या वेबसाइटवर तपासता येतं, नाही जमलं तर १९४७ वर फोन करून विचारा. नंबर बंद पडला असेल तर आधार केंद्रावर जाऊन नवीन जोडा. घरच्या म्हाताऱ्या माणसांचं आधार मुलाच्या मोबाइलमधल्या एम-आधारमध्ये पण जोडून ठेवता येतं, फक्त त्या वेळी त्यांच्या नंबरवर येणारा ओटीपी लागतो. आणि दुसरं, सगळी कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका. आधार पाकिटात तर पॅन बॅगेच्या आतल्या कप्प्यात, म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहतं.

प्रश्न : आजी ८८ वर्षांची. तिच्याकडे कोणतंच कार्ड धड नाही. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून आधार झालं नाही, मतदार कार्ड पुरात गेलं. तिला मुंबईला ऑपरेशनसाठी विमानानं न्यायचं आहे, ट्रेनचा प्रवास झेपणार नाही. काही मार्ग आहे का? (शंकरनगर)

उत्तर : आहे, आणि हा मार्ग फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून मुद्दाम सविस्तर सांगते. बीसीएएसच्या त्याच नियमात लिहिलं आहे की ज्याच्याकडे खऱ्या कारणानं यातलं एकही ओळखपत्र नाही, त्याला केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट अ राजपत्रित अधिकाऱ्याचं ओळख प्रमाणपत्र चालतं. ते अधिकाऱ्याच्या ऑफिसच्या लेटरहेडवर पाहिजे, आजीचा फोटो चिकटवलेला पाहिजे आणि त्या फोटोवर अधिकाऱ्याची सही-शिक्का पाहिजे. गट अ हे नीट पाहा. आपल्याकडे राजपत्रित म्हटलं की लोक ओळखीच्या कोणाचीही सही आणतात, गट ब अधिकाऱ्याची सही घेऊन येतात आणि दारावर अडकतात. साध्या कोऱ्या कागदावरचं पण नाही चालत.

नागपुरात असे अधिकारी शोधायला अडचण नाही, सिव्हिल लाइन्समध्ये तर एका रस्त्यावर दहा ऑफिसं आहेत, मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांमधल्या डॉक्टरांमध्ये पण गट अ चे अधिकारी असतात. आजीचे उपचार तिथे झाले असतील तर तिला ओळखणारे डॉक्टरच सापडतील. अनोळखी अधिकारी सही द्यायला कचरतात, त्यांचं पण बरोबर आहे, म्हणून आजीचा जुना काहीतरी कागद, पासबुक, मतदार यादीतलं नाव, ऑपरेशनचे पेपर, हे सोबत घेऊन जा. प्रमाणपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एक ठेवा. प्रवासाच्या आदल्या दिवशी विमान कंपनीला फोन करून सांगून ठेवा आणि व्हीलचेअर पण तेव्हाच मागून घ्या.

वेळ असेल तर मतदार कार्डाची दुसरी प्रत मागा. आणि बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून आधार नाकारता येत नाही, डोळ्यांच्या बुबुळांवरून होतं, तेही नसेल जमत तर अशा माणसांसाठी वेगळी सोय आहे, केंद्रावर तसं स्पष्ट सांगा. मेहनत करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना दारातून परत पाठवलेलं मला सहन होत नाही. आजींना लवकर बरं वाटो.

प्रश्न : चेहरा दाखवून विमानतळात आत जायचं ते डिजियात्रा अ‍ॅप घेतलं नाही तर लांब लाइनीत उभं राहावं लागतं, ते घेणं कंपल्सरी आहे का? चेहऱ्याचा फोटो कुठे जातो? (मनीषनगर)

उत्तर : कंपल्सरी नाही, तुमची मर्जी. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगलोर आणि वाराणसीला सुरू झालं, मग एकेक विमानतळ जोडत गेले. त्यात तुमची माहिती तुमच्याच मोबाइलमध्ये राहते, प्रवासाच्या वेळी विमानतळाला जाते आणि विमान सुटल्यावर २४ तासांत तिथून काढून टाकतात असं सरकारनं सांगितलं आहे. रोज उडणाऱ्याला सोयीचं आहे. वर्षातून एकदा जाणाऱ्यानं नाही घेतलं तरी कोणी अडवत नाही, आणि ज्यांनी घेतलं आहे त्यांनी पण खिशात खरं कार्ड ठेवावंच, मोबाइलची बॅटरी गेली की सगळंच गेलं.

प्रश्न : आम्ही सात रिटायर मंडळी पशुपतिनाथला विमानानं जाऊन राहिलो, दिल्लीवरून. नेपाळला आधार चालतं असं एकानं सांगितलं. (नरेंद्रनगर)

उत्तर : सगळ्यांना नाही चालत. नेपाळला विमानानं जाताना भारतीय माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना चालतं. तुमच्या सात जणांत कोणी ६२-६३ चं असेल, आणि काकूंचं वय तर हमखास कमी असतं, तर त्यांनी मतदार कार्ड नाहीतर पासपोर्ट घ्यायचाच. नागपूर ते दिल्ली आधारवर जाल आणि दिल्लीला पुढच्या विमानाच्या काउंटरवर अडकाल, दोघं मागे आणि पाच पुढे असं व्हायला नको. आजच सगळ्यांची वयं आणि कार्डं एका कागदावर लिहा.

प्रश्न : आत जाताना एकदा आयडी दाखवला की मग बॅगेत टाकून दिला तर चालतं ना? मला हातात काही धरवत नाही. (सक्करदरा)

उत्तर : हातातल्या पर्समध्ये टाका, काउंटरवर देता त्या मोठ्या बॅगेत टाकू नका. हे मी पाहिलं आहे, एक ताई होत्या, हाताला संधिवात, दारावर कार्ड दाखवलं आणि सगळी फाइलच मोठ्या बॅगेत ठेवून बॅग बेल्टवर दिली. विमानात चढायच्या वेळी परत ओळखपत्र मागितलं तर बॅग केव्हाच खाली गेलेली. त्यांच्या मुलानं मोबाइलवर आधार उघडून पाठवलं, बरीच बोलाचाली झाली, अगदी शेवटी सोडलं. बोर्डिंगच्या वेळी मागतीलच असं नाही, पण मागू शकतात. आणि मुंबईला विमान बदलायचं असेल, एक टर्मिनल सांताक्रूझकडे आणि दुसरं सहारला, तर बाहेर निघून परत आत जावं लागतं, म्हणजे दारावर परत तोच जवान आणि परत तेच कार्ड. गळ्यात अडकवायची छोटी पिशवी मिळते, बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये कुठेही मिळेल, त्यात कार्ड आणि बोर्डिंग पास ठेवा. घरी पोचून कुलूप उघडेपर्यंत ती गळ्यातून काढू नका ताई.